उशिराची वही

रेल्वेचं रिझर्वेशन साठ दिवस आधी सुरू होतं. इस्रो रॉकेटच्या उड्डाणाची पक्की तारीख आणि वेळ सांगते ती फार तर काही आठवडे आधी. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला श्रीहरिकोटाला जाऊन रॉकेट उडताना पाहायचं असेल, तर त्याची सगळी अडचण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आमच्याकडून जायचं म्हणजे एसटीनं वर्धा, तिथून सेवाग्राम स्टेशन, मग चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीत तेलंगण आणि आंध्र ओलांडून गुडूर, आणि गुडूरहून सुल्लुरुपेटा. तारीख जाहीर होईपर्यंत थांबलात तर वेटिंग लिस्टमध्ये नाव. आधी तिकीट काढलं आणि उड्डाण पुढं ढकललं, तर सुल्लुरुपेटाच्या लॉजवर बसून किती दिवस काढायचे? एक दिवस परवडतो, तीन दिवसही परवडतात. तीन आठवडे कोणालाच परवडत नाहीत. म्हणजे तिकीट काढणाऱ्यानं तारखेच्या आधी आणखी एक अंदाज बांधायला हवा: ही तारीख किती घसरेल?

हा प्रश्न मला पडला तो आबांमुळे.

आबा म्हणजे माझे आजोबा. दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. १० ऑगस्ट १९७९ला भारताचं पहिलं एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळलं आणि १८ जुलै १९८०ला दुसऱ्या खेपेला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. या दोन्ही बातम्या त्यांनी रेडिओवर ऐकल्या आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वर्गात खडूनं फळ्यावर रॉकेट काढलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ते फळ्यावर रॉकेट काढत राहिले. प्रत्यक्ष रॉकेट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

२०२४च्या पावसाळ्यात त्यांच्या काचबिंदूनं जोर धरला. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब दृष्टीची नस हळूहळू खातो. कडेचं दिसणं आधी जातं, आणि जे गेलं ते परत येत नाही. थेंब टाकून उरलेलं राखता येतं, तेही पूर्ण राखता येईल असं नाही. आबा म्हणायचे, "नयीतून पाह्यल्यासारखं दिसते." तपासणीच्या प्रत्येक कागदावर काळा भाग थोडा वाढलेला असायचा. आणि एक दिवस ते म्हणाले, "माय, मले एक रॉकेट डोयानं पाहाचं आहे. आपला माणूस घेऊन जाते ना ते. गगनयान."

मी नागपूरला एका कंपनीत डेटाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाच्या ट्रकची वेळ एक्सेलमध्ये भरायची, असं ते काम. आबांचं बोलणं ऐकून मी हो म्हटलं, आणि त्या रात्री एक नवी शीट उघडली.

तीन रकाने

शीटचे रकाने मी आबांच्या वहीवरून घेतले. आमच्या घरी एक जाड, पुठ्ठा फाटलेली वही आहे. त्यात आबा दर वर्षी पावसाची नोंद करायचे. पहिल्या रकान्यात पाऊस कधी येणार म्हणून सांगितलं ती तारीख. दुसऱ्यात प्रत्यक्ष कधी आला, म्हणजे रानात वीतभर ओल कधी गेली, ती तारीख. तिसऱ्यात: कोणी सांगितलं. रेडिओ, पेपर, पंचांग, शेजारचा, चहाच्या टपरीवरचा. आमच्याकडे कपाशी कोरडवाहू आहे. पेरणी चार दिवस आधी झाली आणि पावसानं दडी मारली तर बियाणं जळतं आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं. आबांना मिलिमीटर कळत होते, पण त्यांचा जास्त भर तिसऱ्या रकान्यावर होता. कोणाचा अंदाज किती घसरतो, हे त्यांना वहीतून माहीत होतं.

रॉकेटचंही तसंच निघालं. दोन तारखा असतात: सांगितलेली आणि झालेली. दुसरी मिळणं सोपं असतं, कारण उड्डाणाची नोंद जगभर राहते. जोनाथन मॅकडॉवेल नावाचा खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं पृथ्वीवरून झालेल्या प्रत्येक कक्षीय उड्डाणाची सूची ठेवतो आहे आणि ती कोणालाही मोफत वाचता येते. पहिली तारीख मात्र शोधावी लागते. उड्डाण झालं की जुन्या तारखेची कोणाला आठवण राहत नाही, ती जुन्या बातम्यांमध्ये पडून असते. मी दोन महिने रात्री जेवण झाल्यावर जुन्या बातम्या वाचत होते.

लवकरच लक्षात आलं की 'सांगितलेली तारीख' ही एक गोष्ट नाही. एक तारीख भाषणातली असते: अमुक साली आपण हे करू. दुसरी लाँचपॅडवरची असते: येत्या बुधवारी दुपारी चार वाजून आठ मिनिटांनी. या दोन्ही एकाच रकान्यात लिहिल्या तर हाती काहीच लागत नाही. भाषणातली तारीख वर्षांनी घसरते. पॅडवरची तारीख बहुतेक वेळा तासांनी, नाहीतर दिवसांनी घसरते.

भाषणातल्या तारखा आधी घेऊ.

चांद्रयान-२चा करार रशियाबरोबर २००७मध्ये झाला. लँडर रशिया देणार होता आणि उड्डाण २०१३मध्ये होणार होतं. २०११च्या नोव्हेंबरमध्ये रशियाचं फोबोस-ग्रुंट हे मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं यान पृथ्वीभोवतीच अडकलं, त्यानंतर रशियाचा लँडर लांबत गेला, आणि शेवटी भारतानं लँडर स्वतःच करायचं ठरवलं. मग २०१८ म्हटलं गेलं, मग २०१९ची सुरुवात. झालं २२ जुलै २०१९ला. चांद्रयान-३ २०२०च्या अखेरीस जायचं होतं, ते १४ जुलै २०२३ला गेलं. नासा आणि इस्रोनं मिळून केलेल्या निसार उपग्रहाचा करार २०१४चा. तो ३० जुलै २०२५ला उडाला.

आणि गगनयान. १५ ऑगस्ट २०१८ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की २०२२पर्यंत भारताचा माणूस भारताच्या यानातून अवकाशात जाईल. म्हणजे त्या दिवशी चार वर्षं उरली होती. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२६ सांगितलं. म्हणजे दोन वर्षं उरली. सहा वर्षं गेली आणि उरलेली वाट दोनच वर्षांनी कमी झाली. याच चालीनं गेलं तर उरलेल्या दोन वर्षांना आणखी सहा लागतील. २०३०.

हा हिशेब पाचवीतलं पोर करेल. पण तो मी तीन वेळा केला, कारण उत्तर आबांना सांगायचं होतं.

रेघ कुठे मोडते

अशी रेघ ओढणारी मी पहिली नव्हे. रॅन्डल मन्रो नावाचा चित्रकार आहे, पूर्वी नासात काम केलेला, 'एक्सकेसीडी' ही कॉमिक काढतो. जेम्स वेब दुर्बीण एकेकाळी २००७मध्ये उडणार होती आणि तिची तारीख सारखी पुढे जात होती. २०१८मध्ये त्यानं आडव्या अक्षावर तारीख सांगितली तो दिवस आणि उभ्या अक्षावर सांगितलेली तारीख असे ठिपके मांडले आणि त्यातून रेघ ओढली. रेघ जिथं 'आज'ला भेटते ते वर्ष निघालं २०२६. त्याचा विनोद असा होता की निदान रेघेचा चढ एकापेक्षा कमी आहे. चढ एक असता तर दर वर्षी तारीख बरोबर एक वर्ष पुढे गेली असती आणि दुर्बीण कधीच उडाली नसती.

जेम्स वेब उडाली २५ डिसेंबर २०२१ला. रेघेनं सांगितलं होतं त्याच्या पाच वर्षं आधी.

रेघ चुकली ती समजण्यासारख्या कारणानं. उशिराची कारणं शेवटपर्यंत एकसारखी राहत नाहीत. कागदावर असताना पैसा, करार, मंजुरी यांमुळे उशीर होतो. बांधताना आणि तपासताना प्रत्येक चाचणीत काहीतरी नवं सापडतं. पण यंत्र पूर्ण जोडून झालं, सगळ्या चाचण्या झाल्या की चुका सापडायच्या जागाच कमी होतात. मग उशीर आठवड्यांत मोजला जातो. म्हणून जुनी नोंद वापरताना ती कोणत्या टप्प्यावरची आहे ते पाहावं लागतं. पेरणीआधीचा उशीर आणि वेचणीच्या वेळचा उशीर आपण एका वहीत एका ओळीत लिहीत नाही, तसंच.

आता पॅडवरच्या तारखा.

२०२४च्या नोव्हेंबरपर्यंत त्या वर्षी श्रीहरिकोटाहून तीन उपग्रह उड्डाणं झाली होती. १ जानेवारीचं पीएसएलव्ही-सी५८ ठरल्या दिवशी. १७ फेब्रुवारीचं जीएसएलव्ही-एफ१४ ठरल्या दिवशी. एसएसएलव्ही-डी३ १५ ऑगस्टला ठरलं होतं, ते १६ ऑगस्टला गेलं. त्याआधी २१ ऑक्टोबर २०२३ला गगनयानाच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. आठ वाजताची वेळ साडेआठ, मग पावणेनऊ झाली, आणि मोजणी पाच सेकंदांवर आली असताना संगणकानं ती थांबवली. सकाळी दहाला उड्डाण झालं. दोन तास.

इथवर वाचून वाटतं की बरं आहे, तासांचा, फार तर दिवसाचा प्रश्न. पण त्याच वहीत या ओळीही आहेत.

२८ मार्च २००१: जीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण. इंजिनं पेटली, एका इंजिनाचा जोर कमी पडतोय हे संगणकाला कळलं आणि उडायला जेमतेम एक सेकंद असताना सगळं बंद झालं. उड्डाण १८ एप्रिलला. तीन आठवडे.

१९ ऑगस्ट २०१३: जीएसएलव्ही-डी५. मोजणीला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं. उड्डाण ५ जानेवारी २०१४ला. साडेचार महिने.

५ मार्च २०२०: जीएसएलव्ही-एफ१०. आदल्या दिवशी तांत्रिक कारणानं पुढे ढकललं. मग कोविड आला. उड्डाण १२ ऑगस्ट २०२१ला. सतरा महिने. आणि तेही अयशस्वी.

उशिराच्या आकड्यांचा स्वभाव असाच असतो. डावीकडे भिंत आहे: ठरल्या वेळेच्या आधी रॉकेट जात नाही. उजवीकडे मात्र शेपूट लांबच लांब. अशा आकड्यांची सरासरी काढली तर एफ१०चे सतरा महिने सगळ्यांच्या वाट्याला थोडे थोडे येतात, आणि उत्तर असं निघतं की ते कोणत्याच उड्डाणाला लागू पडत नाही. मधला आकडा काढला, म्हणजे सगळ्या ओळी लहानमोठ्या क्रमानं लावून मधोमध बोट ठेवलं, तर ते शून्य किंवा एक दिवसावर पडतं. तिकिटासाठी मधला आकडा बघायचा. खिशात पैसे किती ठेवायचे त्यासाठी शेपूट बघायची.

आणखी एक गोष्ट दिसली. वर थांबलेल्या तीन मोठ्या ओळी जीएसएलव्हीच्या आहेत. पीएसएलव्ही १९९३पासून उडतंय आणि २०२४च्या अखेरीस त्याचं एकसष्टावं उड्डाण होणार होतं. जुनं, माणसांच्या हातात बसलेलं यंत्र कमी नखरे करतं. नव्याला वेळ लागतो.

एक ओळ तर या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. मंगळयान जाहीर झालं १५ ऑगस्ट २०१२ला आणि उडालं ५ नोव्हेंबर २०१३ला, पंधरा महिन्यांच्या आत. आधीची तारीख २८ ऑक्टोबर होती. प्रशांत महासागरात रॉकेटवर नजर ठेवायला पाठवलेलं जहाज खराब हवेमुळे वेळेत पोचलं नाही म्हणून आठ दिवस गेले. पण त्याहून फार पुढे जाणं शक्यच नव्हतं. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी सव्वीस महिन्यांतून एकदा येतात. १९ नोव्हेंबरनंतर खिडकी बंद झाली असती. जिथं आकाशच मुदत घालून देतं तिथं माणसं मुदत पाळतात.

आपली गोष्ट वेगळी आहे

डॅनिअल कानमान या मानसशास्त्रज्ञानं स्वतःची एक हकिकत लिहून ठेवली आहे. इस्राएलमध्ये ते काही जणांसोबत शाळेसाठी अभ्यासक्रम तयार करत होते. किती वेळ लागेल, असं प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगितलं. सगळ्यांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास. मग गटातल्या जाणकाराला विचारलं, की अशा बाकीच्या गटांना किती वेळ लागला? तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, चाळीस टक्के गटांनी काम पुरंच केलं नाही, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. मजा म्हणजे याच माणसानं थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या कागदावर दोन वर्षं लिहिली होती. शेवटी त्यांना आठ वर्षं लागली.

कानमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये या खोडीला नाव दिलं आणि तिच्यावर उपायही सांगितला: आपल्या कामाच्या आत डोकावू नका, बाहेर उभे राहून आपल्यासारख्या कामांना किती वेळ लागला ते बघा. उपाय साधा आहे, पण मनाला तो पटत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपली गोष्ट वेगळी आहे.

यवतमाळकरांना हे परदेशातून शिकायची गरज नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे २००८-०९ साली मंजूर झाली, सुमारे २८४ किलोमीटरची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाला, तेव्हा मी नोकरीला लागले होते. कपाशीसाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली शकुंतला रेल्वे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावायची, तीही बंद पडली. आमच्याकडे कोणी 'पुढच्या वर्षी गाडी येईल' म्हटलं की लोक मान हलवतात आणि एसटीचं वेळापत्रक बघतात. कानमान म्हणतात ते बाहेरून बघणं हेच.

या रेल्वेनं माझ्या शीटमधला एक दोषही दाखवला. मी फक्त उडालेल्या रॉकेटांचा उशीर मोजत होते. जे अजून उडालंच नाही त्याचा उशीर रकान्यात येत नव्हता, म्हणजे सगळ्यात रेंगाळलेली कामंच हिशेबातून गळत होती. संख्याशास्त्रात यावर जुना तोडगा आहे. दवाखान्यातल्या रुग्णांच्या आयुष्याचा अभ्यास करताना जे अजून जिवंत आहेत त्यांना वगळत नाहीत, 'निदान इतके दिवस' असं लिहून धरतात. कापलान आणि मायर यांनी १९५८मध्ये त्याची रीत मांडली. गगनयानापुढे मी लिहिलं: निदान दोन वर्षं, मोजणी चालू.

शेजारच्याच खिडकीत आबांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद स्कॅन करून ठेवले होते. त्यांचीही मोजणी चालू होती.

गगनयान नको

दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा मी आबांना सांगितलं. ओट्यावर बसले होते, थेंब टाकून डोळे मिटून.

"आबा, गगनयानाची वाट नका पाहू."

"काऊन?"

"ते २०२६ म्हणून राह्यले. माझ्या हिशेबानं २०३० येते."

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् मायं?"

त्यांना त्यांच्या डोळ्यांबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलं तेच. आता दिसते तेवढं पुढच्या वर्षी राहीलच असं नाही."

"मंग कोणतं पाहाचं?"

मी पीएसएलव्ही-सी५९ सांगितलं. माणूस नाही, चंद्र नाही, मंगळ नाही. युरोपच्या प्रोबा-३ मोहिमेचे दोन उपग्रह. पण रॉकेट जुनं आणि सरावाचं होतं, आणि तारीख भाषणातली नसून पॅडवरची होती: बुधवार, ४ डिसेंबर, दुपारी ४ वाजून ८ मिनिटं. प्रोबा-३ काय करणार हे ऐकल्यावर आबांचा चेहरा जरा खुलला. दोन उपग्रह एकमेकांपासून दीडशे मीटरवर उडणार, पुढच्यानं सूर्य झाकायचा आणि मागच्यानं सूर्याभोवतीची प्रभा पाहायची. माणसानं केलेलं खग्रास ग्रहण. ते म्हणाले, "वर्गात कंदील अन् नारयानं दाखवत होतो मी हे."

३ तारखेला पोचायचं आणि परतीचं तिकीट ७ तारखेचं, असं मी ठरवलं. बाबांना ते पटेना. चार तारखेला रॉकेट, मग सात कशाला, लॉजचं भाडं फुकट. मी त्यांना शीट दाखवली. त्यांनी शीट पाहिली नाही, पण आबांनी आतून आवाज दिला, "दोन दिवस वरचे ठेव लेका. बियाणंबी आपण थोडं वरचंच आणतो."

गॅलरीचा पास आमच्याकडे नव्हता. सुल्लुरुपेटाहून श्रीहरिकोटाकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवर ओलांडून जातो. सरोवराच्या अलीकडच्या काठावर, जिथून पुढे सोडत नव्हते तिथं, बरीच माणसं उभी होती. आबांना एका टपरीच्या स्टुलावर बसवलं. अडीच वाजल्यापासून ते पूर्वेकडे तोंड करून बसले. उड्डाणाला साधारण तास उरला असताना मोबाइलमध्ये बातमी आली: उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेत गडबड सापडली, उड्डाण उद्यावर.

गर्दीतले पुष्कळ लोक लगेच निघाले. चेन्नईचे होते ते रात्रीपर्यंत घरी पोचणार होते. एक कुटुंब बंगळुरूहून आलं होतं आणि त्यांची गाडी त्याच रात्रीची होती. लहान मुलगा रडत होता. आबांनी विचारलं, "किती गेलं?" मी म्हटलं, "एक दिवस." ते उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "चाल मंग, जेवू."

५ डिसेंबर, दुपारी ४ वाजून ४ मिनिटं. आबांना नळीतून दिसतं, म्हणून मी त्यांच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि आधीच नीट दिशेला वळवून ठेवलं. उजेड वर आला. "दिसते का?" मी विचारलं. "दिसते, दिसते." रॉकेट वर चढेल तशी मी त्यांची हनुवटी वर करत गेले. पंधराएक किलोमीटरवरून आवाज यायला पाऊण मिनिट लागतं. आवाज आला तोवर उजेड त्यांच्या नळीतून निसटला होता. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि नुसते ऐकत राहिले. टपरीचा पत्रा थरथरत होता.

थांबणं

उशिराच्या नोंदी ठेवता ठेवता एक गोष्ट सुटू नये म्हणून ती मी शीटच्या वर लाल अक्षरात लिहून ठेवली आहे. चॅलेंजर यान १९८६च्या २२ जानेवारीला जायचं होतं. मग तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. २८ जानेवारीच्या आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं की सांध्यांमधली रबरी कडी इतक्या थंडीत ताठ होईल, उड्डाण थांबवा. पण उशीर पुरेसा झाला होता. उड्डाण झालं आणि ७३ सेकंदांनी सात माणसं गेली. वहीत त्या दिवसापुढे उशीर शून्य लागतो.

म्हणून आता कोणतंही उड्डाण पुढं गेल्याची बातमी आली की मी आधी कारण वाचते. २०२५मध्ये शुभांशु शुक्ला अॅक्सिअम-४मधून अवकाश स्थानकाला जायचे होते. २९ मे ठरली होती. मग ८ जून, १० जून, ११ जून. ११ तारखेआधी फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. मग १९, मग २२. मधे स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीचं काम निघालं. शेवटी २५ जून, आपल्याकडे दुपारी १२ वाजून १ मिनिट.

त्या वर्षी पाऊसही तसाच वागला. मान्सून केरळात २४ मेलाच आला, आठवडाभर आधी, आणि मग जूनचा पहिला पंधरवडा जागच्या जागी बसून राहिला. मेच्या पावसाला भुलून ज्यांनी घाई केली त्यांना जूनच्या उन्हानं गाठलं. आबांनी बाबांना थांबवून धरलं होतं. त्यांना आता वही वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. पाऊस आधी येऊ शकतो आणि मग रुसतो, रॉकेट आधी जात नाही, एवढा या दोघांतला फरक त्यांना फार आवडला.

२५ जूनच्या दुपारी त्यांनी मोबाइल कानाशी धरून शुभांशूंचं उड्डाण ऐकलं. संपल्यावर विचारलं, "गगनयानाचं काय म्हणतात आता?"

मी सांगितलं की इस्रोचे नवे अध्यक्ष व्ही. नारायणन २०२७ म्हणतात. सात वर्षं गेली आणि वाट दोनच वर्षांनी कमी झाली, म्हणजे रेघ गेली २०३२वर. पण यंत्रं आता कागदावर नाहीत, चाचण्या चालू आहेत, आणि जेम्स वेबची रेघ अशाच टप्प्यावर मोडली होती. म्हणून माझा अंदाज दोन्हींच्या मधला, २०२९.

"लिहून ठेव," आबा म्हणाले. "मांग पानावर लिही, पावसाच्या वहीत."

मी वही आणली आणि पहिल्या रकान्यात २०२९ लिहिलं. दुसरा रिकामा ठेवला.

"तिसऱ्यात तुयं नाव टाक," ते म्हणाले. "कोणी सांगितलं ते दिसलं पाह्यजे."